नागपुरातल्या आलिशान हॉटेलात दोन रात्री: काय घालायचं, काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असतो, मुलांच्या परीक्षा नुकत्याच संपलेल्या असतात किंवा पुण्याहून लेक-जावई आलेले असतात. मग कुणीतरी म्हणतं, लांब कुठे जाण्यापेक्षा इथल्याच एखाद्या मोठ्या हॉटेलात दोन दिवस राहू. खोली फोनवरून पाच मिनिटांत ठरते आणि खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. बॅगेत काय भरायचं? आईला तिथे अवघडल्यासारखं तर होणार नाही? दिवसभर करायचं काय? नागपुरात या प्रश्नांची निम्मी उत्तरं इथला उकाडा आणि हॉटेलातला एसी देतात. लोक काय म्हणतील, याचा विचार सगळ्यात शेवटी करा.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं आणि शहरात फिरता येतं. डिसेंबरमध्ये मात्र विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. आमदार, अधिकारी, पत्रकार, मोर्चे असं सगळं एकाच वेळी शहरात येतं, मोठ्या हॉटेलांतल्या खोल्या भरतात, दर चढतात आणि सिव्हिल लाइन्स, वर्धा रोडवर गाड्या तुंबतात. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्या टाळूनच बुकिंग करा.

मे महिन्यातही लोक जातात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, घरचा कूलर हात टेकतो, तेव्हा दोन दिवस गार खोलीत झोपायला मिळणं हे मोठंच सुख आहे. फक्त त्या दोन दिवसांत शहरदर्शनाचा बेत आखू नका. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात दुपारी बारा ते चार बाहेर पडण्याचं काही कारण नाही.

तिथे ड्रेस कोड असतो का? सगळ्यांना नवीन कपडे घ्यावे लागतील का?

नाही, अजिबात नाही. वर्धा रोडवरची असोत की रामदासपेठेतली, नागपूरच्या मोठ्या हॉटेलांत स्वच्छ, इस्त्री केलेले, अंगाला नीट बसणारे कपडे चालतात. सलवार-कुर्ता, साडी, कुर्ता-पायजमा, साधा शर्ट-पँट यांतलं काहीही. बुकिंगमध्ये कुठे ‘स्मार्ट कॅज्युअल’ लिहिलेलं दिसलं, तर कॉलरचा शर्ट, फुल पँट आणि बंद बूट किंवा चांगली सँडल एवढाच त्याचा अर्थ घ्या. रेस्टॉरंटमध्ये बर्मुडा, खोलीतल्या पांढऱ्या सपाता आणि स्विमिंग पुलावरून उठून तसंच ओल्या कपड्यांत येणं, एवढं टाळलं की झालं.

नवीन कपड्यांबद्दल माझं मत ठाम आहे. न वापरलेला कपडा आणि नवे बूट अशा ठिकाणी नेऊ नयेत. नवा बूट पहिल्याच संध्याकाळी टाच सोलतो आणि नवा ब्लाउज काखेत काचतो. दोन-चार वेळा घातलेला, सवयीचा कपडाच न्या. तो पैसा जेवणावर किंवा आईच्या मसाजवर खर्च झाला तर जास्त बरं.

बाहेर पंचेचाळीस आणि आत बावीस अंश. अंगावर ठेवायचं तरी काय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. घामाने भिजलेला कुर्ता घालून थेट लॉबीच्या गारव्यात अर्धा तास बसलं की पाठ भरते, नाक वाहायला लागतं आणि दुसरा दिवस अंथरुणात जातो. म्हणून तलम सुती कपडा आत आणि वरून एक पातळ थर, असं ठेवा. हा थर हातात सहज धरता येईल असा हवा. स्टोल, पातळ जॅकेट किंवा आपला नागपुरी दुपट्टाही चालेल. रस्त्यावर तो डोक्या-तोंडाला गुंडाळायचा, आत आलं की खांद्यावर पसरायचा. नागपूरच्या मुली स्कूटरवर रोज तेच करतात.

हॉटेलात शिरल्यावर आधी तोंड-हात धुवा, पाणी प्या, पाठ कोरडी करा. खोलीतला एसी चोवीस-पंचविसावर आणा. अठरावर ठेवून दोन ब्लँकेटं पांघरण्यात काही मजा नाही.

हिवाळ्यात उलटा प्रकार. दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो, पण पहाटे हुडहुडी भरते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथे ३.५ अंश नोंदले गेले होते. तेव्हा स्वेटर आणि कानटोपी बॅगेत असूच द्या, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना तर आवर्जून सांगा.

आमची आजी नऊवारी नेसते. तिला तिथे नेणं बरं दिसेल का?

बरंच दिसेल. ती घरी जे नेसते तेच तिने तिथे नेसावं. तिच्यावर गाऊन किंवा पंजाबी ड्रेस लादू नका, त्यात ती दिवसभर आवरत-सावरत बसेल आणि तिची सुट्टी वाया जाईल.

तिच्या बाबतीत कपड्यांपेक्षा पायांची काळजी जास्त घ्या. लॉबीतली फरशी गुळगुळीत असते, पुसल्यावर तर फारच. तळाला रबर असलेली, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: बाथरूममध्ये टब आहे की उभ्याने आंघोळ करता येईल अशी जागा, भिंतीला धरायला दांडा आहे का, आणि बादली-मग मिळेल का. बादली मागायला लाजू नका, सांगितलं की पाठवतात. टबाच्या काठावरून पाय उचलून आत जाणं पंच्याहत्तरीच्या माणसाला सोपं नसतं. आणि बेसिनचा नळ कसा फिरवायचा, कमोडचं बटण कुठलं, दिवे कुठून मालवायचे, हे पोहोचल्या पोहोचल्या एकदा दाखवून द्या. रात्री दोनला तिला कुणाला उठवावं लागू नये.

रात्रीच्या जेवणाला खास काही घालायचं आहे. काय सुचवाल?

विदर्भात राहून हा प्रश्न पडला असेल तर माझं उत्तर एकच आहे, करवत काठी साडी. टसरचं, म्हणजे जंगली रेशमाचं अंग आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. ही नक्षी छापलेली नसते की नंतर भरलेली नसते. अंगाला एक आणि दोन काठांना दोन असे तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) चालवून, काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवत ती विणली जाते. काठ हातात धरून उजेडापुढे न्या, दात जिथे अंगात शिरतात तिथे दोन रंगांचे धागे गुंतलेले दिसतील. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हॉटेलच्या पिवळसर दिव्यांत टसरचा मधाळ रंग जितका खुलतो, तितका भर दुपारीही खुलत नाही. मोठ्या जरीच्या साडीचं ओझं नसतं आणि एसीत ती ऊबही देते.

टसरवर पाण्याचा थेंब पडला की डाग राहू शकतो. म्हणून इस्त्री करताना पाणी शिंपडू नका. उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, मध्यम उष्णतेवर इस्त्री फिरवा. अत्तर आधी लावा, साडी मग नेसा.

पुरुषांनी टसरचा किंवा खादीचा कुर्ता घालावा. सूट-टायची गरज नाही. सवय नसेल तर ती जेवताना गळ्याशीच येते.

स्विमिंग पुलात कुर्ता-लेगिंग चालेल का?

सहसा नाही. त्यामागे कारण आहे: सुती कापडाचे तंतू सुटून फिल्टरमध्ये अडकतात, रंग पाण्यात उतरतो आणि भिजलेलं सुती कापड जड होऊन पोहणाऱ्याला खाली ओढतं. नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख लागतो. पण तो तोकडाच असला पाहिजे असं काही नाही. कोपरापर्यंत बाह्या आणि घोट्यापर्यंत पाय झाकणारे पोहण्याचे पोशाख सीताबर्डीतल्या खेळाच्या दुकानांत सहज मिळतात. केसांना टोपी लागेल. चांदीचे पैंजण, जोडवी काढून खोलीतल्या लॉकरमध्ये ठेवा, क्लोरीनने चांदी काळी पडते.

वेळ सांगायची तर उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावर. दुपारी पाणी कोमट होतं आणि काठावरच्या फरशीने तळपाय भाजतात. हिवाळ्यात जाणार असाल तर पूल तापवलेला असतो का, हे बुकिंगआधी विचारा. नसेल तर मुलं हट्टाने उतरतील आणि निळे ओठ घेऊन बाहेर येतील.

स्पामध्ये काय घालून जायचं? मला फार संकोच वाटतो.

सैल कपडे घालून जा, दागिने खोलीतच ठेवा. तिथे गाऊन आणि वापरून टाकायची अंतर्वस्त्रं देतात. अंगावर चादर असते आणि ज्या भागाला मसाज चालू आहे तेवढाच उघडा करतात. मसाज करणारी व्यक्ती स्त्री हवी की पुरुष, हे वेळ घेतानाच सांगा. कपडे पूर्ण काढायचे नसतील तर तसं स्पष्ट बोला, फक्त पाय किंवा डोकं-खांदे यांचा मसाजही मिळतो. रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तर आधी कळवा. आणि सावजी, म्हणजे नागपुरी झणझणीत, जेवण झाल्याबरोबर मसाजला जाऊ नका.

नाश्ता खोलीच्या दरातच आहे. मग तर्री पोहे सोडायचे का?

सोडू नका! दोन सकाळी असतील तर एक हॉटेलच्या बुफेला द्या आणि एक रस्त्याला. सकाळी सातच्या सुमाराला ठेल्यावर उभं राहून वाफाळते पोहे, त्यावर हरभऱ्याची लाल तर्री, कांदा, लिंबू. हे काचेच्या झाकणाखालच्या पोह्यांत येत नाही. सावजी खायचं असेल तर जुन्या वस्तीतल्या खानावळीत जा. सावजीची मुळं विणकर हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरात आहेत. मटण जमत नसेल तर पाटवडी रस्सा घ्या.

या दोन्ही ठिकाणी पांढरा कुर्ता घालू नका. गडद रंगाचं, धुवायला सोपं काहीतरी घाला. तरी डाग पडलाच तर चोळू नका. टिश्यूने तेल टिपा, भांड्यांच्या साबणाचा थेंब लावून हलक्या हाताने धुवा आणि उन्हात वाळत घाला. हळदीचा पिवळेपणा उन्हाने उडतो, आणि ऊन तर नागपुरात हवं तेवढं आहे.

दिवसाची आखणी कशी करावी?

एका दिवसात बाहेरचं एकच काम ठेवा. खोलीला हजारो रुपये मोजून दिवसभर टॅक्सीत बसण्याला अर्थ नाही. सकाळी फिरून या, दुपारी झोपा, संध्याकाळी हॉटेलातच रमा. किंवा सकाळ पुलात घालवा आणि संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर जा. खरेदीची हौस असेल तर धरमपेठ, गोकुळपेठ किंवा सीताबर्डी.

वर्धा रोडवर उतरला असाल तर गाडी हॉटेलात ठेवून मेट्रोने जा. सीताबर्डीला ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका भेटतात, तिथून शहर कुठेही गाठता येतं. वाटेत मेट्रो ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलावरून जाते. खाली उड्डाणपुलावरच्या गाड्या, त्याखाली जुना रस्ता. लहान मुलांना तो प्रवासच सहल वाटतो. झिरो माइलचा दगड आणि अजब बंगला बघायचा तर हाच मार्ग सोयीचा. अजब बंगला म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी बंद असतं.

हॉटेलात राहून वाघ बघायला जाता येईल का?

जाता येतं, पण मी तसं सुचवणार नाही. पेंचचं सिल्लारी प्रवेशद्वार साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. सकाळच्या सफारीसाठी पहाटे चारच्या आसपास निघावं लागतं. म्हणजे रात्री लवकर झोपा, नाश्ता सोडा, दुपारी दमून परत या. आलिशान खोली नुसतीच रिकामी राहते. ताडोबा तर त्याच्या दुप्पट लांब. वाघच बघायचा असेल तर जंगलाजवळ मुक्काम करा, तो वेगळा बेत आहे.

तरीही जाणार असाल तर दुपारची सफारी घ्या. बुकिंग ऑनलाइन आधीच करा आणि नोंदवलेलं ओळखपत्र मूळ स्वरूपात न्या. ताडोबा मंगळवारी बंद असतं, तिथे सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा बंद असतो. कपडे मातकट, खाकी किंवा गर्द हिरवे हवेत. लाल, पिवळा, पांढरा नको. थंडीत उघड्या जिप्सीत वारा हाडात शिरतो, म्हणून जाकीट, कानटोपी, हातमोजे घ्या. धुळीसाठी दुपट्टा असतोच.

घरात लहान मूल असेल तर गोरेवाडा प्राणिसंग्रहालयातली बंद बसमधली सफारी जास्त सोयीची. शिवाय ती शहरालगतच आहे.

दीक्षाभूमी, रामटेक, सेवाग्राम इथे जाताना काय पाळावं?

दीक्षाभूमीवर साधे, अंग झाकणारे कपडे घालून जा. चपला बाहेर काढायच्या असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. स्तूपाच्या आत आवाज घुमतो, त्यामुळे हळू बोला आणि मुलांनाही ते आधीच सांगून ठेवा. फोटोसाठी वेगवेगळे पोशाख करायची ही जागा नव्हे. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, देशभरातून लाखो लोक येतात. मनात श्रद्धा असेल तर त्या दिवशी अवश्य जा, पांढरे सुती कपडे घाला आणि बरंच चालायची तयारी ठेवा. नुसतं बघायला जायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

रामटेक पन्नासेक किलोमीटरवर आहे. गडावर पायऱ्या आहेत आणि माकडंही. चष्मा, लोंबती पर्स, हातातली प्रसादाची पिशवी सांभाळा. साडी नेसणार असाल तर सुती नेसा, पायऱ्यांवर रेशीम सुळसुळतं.

सेवाग्रामला बापू कुटीच्या अंगणात फिरायचं असतं, तिथे खादी किंवा साधं सुती छान वाटतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गाडीत बाटली ठेवून जाऊ नका.

लहान मुलांसाठी कोणते दिवस चांगले?

पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी सजवून, धोतर-फेटा नाहीतर नऊवारी घालून निघतात. त्याच दिवशी जुन्या नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. गर्दी प्रचंड असते, म्हणून मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि पायात पट्ट्याची चप्पल घाला. दिवसभर ढोलताशे ऐकून, घामेजून हॉटेलात परत आल्यावर पुलात उडी मारणं मुलांना वर्षभर आठवतं.

आधार कार्डावर नागपूरचाच पत्ता आहे. खोली नाकारतील का?

काही ठिकाणी स्थानिक पत्त्याच्या पाहुण्यांबाबत नियम असतात. बुकिंगआधी फोन करून विचारा आणि शक्य असेल तर उत्तर मेलवर घ्या. सगळ्या मोठ्या माणसांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा.

दराशिवाय काय खर्च येतो?

जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीला १८ टक्के. त्यामुळे ७,५०० च्या थोडं खाली-वर असलेल्या दोन खोल्यांच्या अंतिम बिलात बराच फरक पडतो. जेवणाच्या बिलातलं सेवाशुल्क सक्तीचं नसतं, नको असेल तर काढायला सांगा. धुलाईचे दर नगावर असतात आणि ते चांगलेच लागतात. त्यापेक्षा इस्त्री आणि तिची फळी खोलीत मागवून घ्या. चुरगळलेला कुर्ता बाथरूममध्ये टांगून दहा मिनिटं गरम पाण्याची वाफ दिली तरी काम भागतं.

दोन रात्रींसाठी एका माणसाने नेमकं किती न्यावं?

अंगावरचा एक जोड, दिवसा फिरायला दोन, रात्रीच्या जेवणाला एक चांगला, झोपायचा एक आणि पोहायचा पोशाख. चपलांचे दोन जोड पुरेत. ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि सेफ्टी पिना घ्या. टॉवेल, साबण, शांपू घरून नेऊ नका. खोबरेल तेल मात्र न्या, पुलातल्या पाण्याने केस राठ होतात.

चेक-आउट दुपारी बाराचं आणि गाडी रात्रीची. मधल्या वेळेत काय?

सामान हॉटेलच्या क्लोक रूममध्ये ठेवून पावती घ्या. प्रवासाचे कपडे आणि टूथब्रश वेगळ्या छोट्या पिशवीत काढून ठेवा, म्हणजे मोठी बॅग उघडावी लागत नाही. पूल किंवा जिमजवळच्या शॉवरमध्ये आंघोळ करून कपडे बदलता येतील का, हे आदल्या रात्रीच विचारा. रिकाम्या खोल्या असतील तर थोडा वेळ वाढवूनही देतात, त्यासाठी सकाळी नऊच्या आत फोन करावा. दुपारी संत्रा बर्फी घ्यायला बाहेर पडा, सुरू असेल तर संत्र्यांचा हंगामही बघून या. आंबिया बहाराची (हिवाळ्यातल्या मोहोराची) फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात आणि मृग बहाराची (पावसाळ्यातल्या मोहोराची) फेब्रुवारीनंतर. संत्री गाडीत न्यायची तर जाळीच्या पिशवीत न्या, बंद डब्यात ती लवकर घामेजतात.